माप

मार्च लागला की अंबाजोगाईत
सकाळी नऊलाच पत्रे तडतडायला लागतात.
त्या उन्हातून केजच्या एसटीनं येते जैतुनबी मणियार,
पदर डोक्यावरून थेट हनुवटीपर्यंत,
आणि माझ्या टेबलाला टेकून दर खेपेला म्हणते,
"एवढं ऊन फुकट पडलंय बाहेर, शिष्टर,
आन तुम्ही कपाटातलं काढून देता."

कपाटच आहे ते. माणसाएवढं.
आत उभ्या नळ्या, वर घरघरता पंखा.
दार लावलं की फटीतून
जांभळट निळं काहीतरी फरशीवर सांडतं.
बाहेरच्या उन्हाला माप नाही, मी सांगते.
इथं सेकंद मोजून मिळतात.
पहिल्या दिवशी तीस,
मग तेहेतीस, मग छत्तीस.
लाली उठली तर तिथंच थांबायचं,
खाडे झाले तर मागं यायचं.

पहिल्या दिवशी काळा चष्मा लावून
ती आत जायला निघाली, तेव्हा मी म्हटलं,
बांगड्या काढा.
"कामून?"
सावली पडेल तिथं उजेड पोचत नाही.
तिनं दोन्ही मनगटं छातीशी धरली.
बांगड्या विकणाऱ्या घरातली बाई,
तिला कोण सांगणार रिकाम्या हाताचा अर्थ.
मग एकेक उतरवली, एकही न फोडता,
आणि माझ्या रजिस्टरवर चळत लावली:
हिरव्या, शेवाळी, मधे एक लाखेची.
अर्धा मिनिट मी त्या राखत बसले.
त्यांच्याखालीही होते चट्टे,
चांदीच्या वर्खासारखे सुटणारे.

दोन वर्षं नेकनूरच्या बाजारात
बाया तिच्याकडून बांगड्या घ्यायच्या,
हात द्यायच्या नाहीत.
"राहू द्या, मपल्या मी भरते," म्हणायच्या,
आणि भरताना फुटली की भांडायच्या.
सोरायसिस लागट नसतो,
असा छापील कागद मी तिला दिला होता.
तिनं तो पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला.
"वाचतं का कुणी?"
"गिऱ्हाईक आरशात बघतंय का कागदात?"

पहाटे सून उठायच्या आधी
ती स्वतःचं अंथरूण स्वतः झाडते.
हे तिनं नाही सांगितलं.
सून सोबत आली होती एकदा, तिनं सांगितलं,
खाली बघत.

अकराव्या खेपेला लाईट गेली.
पंखा थांबला. आत अंधार, आत जैतुनबी.
"किती ऱ्हायले?"
एकोणीस सेकंद.
जनरेटरवाला जेवायला गेलेला,
तिची एसटी दीडची.
कपडे घालत आतूनच ओरडली,
"मांडून ठिवा शिष्टर, मपली बाकी."

आता कोपरं सपाट आहेत.
चट्टे होते तिथं फिकट डाग उरलेत,
पाणी आटल्यावर तळ्याच्या कडा दिसतात तसे.
थंडीत परत उलटू शकतं,
मला माहीत आहे, तिलाही सांगितलंय.
"येऊ दे," म्हणाली,
"येष्टी काय बंद पडलीय का."

आणि काल, सव्विसावी खेप झाल्यावर,
बांगड्या परत चढवता चढवता थांबली.
"हात बघू."
मी हात पुढे केला.
"मोजे काढा आधी."
अंगठा तळव्यात दुमडून
तिनं माझी बोटांची हाडं दाबून पाहिली,
डोळे मिटून, जशी मी कधीच कुणाला तपासत नाही.
"वरून दोन-चारचा वाटतोय, हाड मोठंय. दोन-सहा."
ड्युटीवर चालत नाहीत, मी म्हणेपर्यंत
चार काचेच्या मनगटावर होत्या,
दुखलं नाही.

पैसे विचारले.
"मपले एकोणीस सेकंद ऱ्हायलेत तुमच्याकडं," म्हणाली,
"आधी ते द्या."
आणि पदर खांद्यावर टाकून
उन्हात गेली, एसटी पकडायला.