दोन सूत

मगदूम बाई म्हणाल्या,
छेद सहा मिलिमीटरचा, टाका नाही.
मी मनात मोजलं : दोन सुताला जरासं कमी.
चाळीस वर्षं उद्यमनगरात लेथवर उभा होतो,
एवढ्या मापात काय काय बिघडतं, मला विचारा.

पट्टी काढली तेव्हा आधी निळा आला.
बादलीचा, नर्सच्या पेनच्या टोपणाचा निळा,
इतकी वर्षं कुठल्या गोदामात पडून होता कोण जाणे.
उजव्या डोळ्यात दूध, डाव्यात अजून गुळवणी.
मी आलटून पालटून डोळे झाकत बसलो.
शेजारच्या खाटेवरचे शिरोळचे आदगोंडा म्हणाले,
"काय पोरखेळ मांडलाय मिस्त्री?"
मग तेही झाकायला लागले.

पण अक्षरं.
फळ्यावरच्या उभ्या रेघा खणखणीत,
आडव्या फुगलेल्या, भिजल्या सुतळीसारख्या.
गंगावेशची केएमटी आली,
काने सगळे जागेवर, शिरोरेघ गायब :
दोरी नसताना वाळत राहिलेले कपडे.
"दिसतंय न्हवं?" हौसानं विचारलं.
"दिसतंय की."
खोटं नव्हतं ते.

आठवड्यानं बाईंनी कागदावर काढून दाखवलं.
बुबुळ वरून खाली जरा सपाट झालंय,
गोल राहिलं नाही.
"म्हणजे ओव्हॅलिटी," मी म्हटलं.
त्या थांबल्या, माझ्या हातांकडे बघितलं,
"चष्म्यात थोडा सिलिंडर द्यावा लागेल."
मला हसू आवरेना.
ऑइल इंजिनची किती सिलिंडरं बोअर केली,
शेवटचं माझ्याच नाकावर!

दीड महिना थांबा म्हणाल्या, डोळा बसू दे.
हे कुणी समजवायला नको होतं.
ओतल्या ओतल्या कास्टिंग कुणी लेथवर चढवत नाही,
उन्हापावसात पडू देतात आवारात,
आतला ताण निघून जाईस्तोवर.
हौसा थेंब घालायची, मी छताकडे बघत
पडून राहायचो, बिडाच्या तुकड्यासारखा.

चष्मा आला. शिरोरेघ ताणून बसली
महाद्वार रोडभर, दुकानामागून दुकान.

घरी येऊन खणातला मायक्रोमीटर काढला,
आणि माझ्या हातची पहिली रिंग,
जिच्यात हौसा इतकी वर्षं उदबत्तीचा पुडा उभा करते.
वरून खाली मापली. मग आडवी.
दोन शतांशाचा फरक.
पुन्हा मापली.

पास झाला होता तो जॉब.