जादा वापर

बिलावर आकडा आला: अकराशे बारा जीबी.
प्लॅन आमचा तीनशेचा.
जादा वापराचा आकार दोन हजार चारशे सदतीस,
वर जीएसटी.

जेलरोडच्या प्रेसमध्ये मी चौतीस वर्षं
नोटांचे ताव तपासले.
एक ताव कमी भरला तर पाळी सुटायची नाही,
दारं बंद, डबे उघडे, चपला उलट्या करून झटकायच्या.
आणि आता माझ्याच घरातून आठशे बारा निघून गेले,
कुणी पिशवीसुद्धा तपासली नाही.

जीबी दिसतो कसा, मंदाने विचारलं.
म्हटलं, पाण्यासारखा समज.
ती मोरीतले नळ बघून आली.

ग्राहक सेवेतली मुलगी गोड बोलली,
सर, वापर आपल्याच घरातून झालेला आहे.
म्हटलं, बाई, घरात माणसं दोन.
एक सकाळी रामरक्षा लावते,
दुसरा पिंपळगावचा कांद्याचा भाव बघतो,
शेत विकून बारा वर्षं झाली तरी.
अजून काही मदत करू शकते का, म्हणाली.

पासवर्ड बदलला.
बोराडेंच्या नातवावर संशय घेतला,
त्याला चिवडा देताना हात आखडला,
आणि मग दिवसभर तो हात नकोसा झाला.
रात्री राउटरसमोर स्टूल टाकून बसलो, वहीत लिहिलं:
अकरा वीस, हिरवा दिवा लुकलुकतो.
अकरा पन्नास, लुकलुकतो.
पुढचं पान कोरं.

शेवटी केबलवाला तन्मय गायधनी आला,
मोबाइलमध्ये खालीवर बघून
फाटकावरच्या कॅमेऱ्याकडे बोट केलं.
काका, चोर तो.

दोन वर्षांमागे वालदेवीच्या कडेने, उसातून,
विहितगावात बिबट्या आला होता. कुणाचंसं कुत्रं गेलं.
हर्षलने पुण्याहून कॅमेरा पाठवला.
काही हललं की टिपतो, टिपलं की वर पाठवतो.
वर म्हणजे कुठे, तन्मयलाही नीट सांगता येईना.
बिबट्या परत आला नाही.
पेरूची फांदी आली, यंदा वाढून थेट त्याच्या डोळ्यापुढे.
दोरीवरचा गाऊन आला, मांजर आलं.
म्हटलं, न आलेल्या बिबट्याचं बिल भरतोय मी.
तन्मय हसला, चहा घेऊन गेला.

पुरावा हवा म्हणून रात्री जुनं चित्रण लावलं.
(बघायलाही जीबी लागतात, हे मागून कळलं.)
सतरा तारीख, दोन वाजून दहा मिनिटं.
व्यक्ती आढळली.
पायरीवर मंदा.
करड्या उजेडात, पाय पोटाशी घेऊन, शाल नाही.
तीन चाळीसपर्यंत.
अठराला तीच. एकोणीसला तीच.
एकवीसला उठून गाऊनचे चिमटे नीट केले, परत बसली.
तेवीसला कुणाशी तरी बोलत होती.
कॅमेऱ्याला आवाज नाही.
मांजर असेल.

फांदीचे किती, तिचे किती, मांडायला वही घेतली
आणि मिटली.
मी शेजारीच झोपतो.
रोज दीड तास माझ्या कडेचं माणूस निघून जायचं,
पहाटे परत येऊन जागेवर पडायचं,
सकाळी मोजणी बरोबर.

तक्रार मागे घेतली.
सर, कारण?
म्हटलं, वापर आमच्याच घरातला आहे.

फांदी छाटली.
कॅमेऱ्यावर भाजीची कापडी पिशवी चढवली.
आज दोनला जाग आली, म्हणजे आणली.
तिच्या बाजूची चादर अजून ऊन होती.
बाहेर गेलो. दचकली नाही.
राउटर बघायला उठलात?
हो म्हटलं.
किती आलं शेवटी बिल?
मागच्याएवढंच.
ती थोडी सरकली. पायरी गार लागली.
छाटलेल्या जागेतून रस्त्याचा दिवा
पहिल्यांदाच आमच्या अंगणात उतरला होता.
विचारायचं ते अजून विचारलेलं नाही.