वर जाण्याचा खर्च

शेवटच्या मिनिटाला आमच्या पोरांनी कोपऱ्यात ट्राय मारला
आणि सगळं स्केलबेक उभं राहिलं.
मी बसूनच होते.
मांडीवर जाड वही, वहीवर चष्म्याचं घर,
घरावर पाऊस.

अठरा-एकोणीस.
उरली ती जॉस टिनियनची किक,
बाजूरेषेला चिकटून, आयरिश समुद्राचा वारा तोंडावर.
गेली तर वरची डिव्हिजन.
हुकली तर पुन्हा हीच,
तेच चारशे ऐंशी प्रेक्षक, तोच पातळ चहा.

एकोणतीस वर्षं मी या क्लबची खजिनदार आहे.
त्याआधी साबणाच्या कारखान्यात पगारपत्रकं केली.
कारखाना गेला, सवय राहिली:
कुणी आनंदाने ओरडलं
की मला आधी विचारावंसं वाटतं, कितीला पडलं?

वर जाण्याची यादी माझ्या पर्समध्ये आहे.
लीगच्या कचेरीतून आलेली, सुबक, सात पानी.
दिव्यांचा उजेड दुप्पट हवा.
छपराखाली दोन हजार खुर्च्या हव्यात
(आमच्या सहाशे, त्यातल्या चाळीस समुद्रपक्ष्यांच्या).
डॉक्टर पूर्णवेळ. खेळाडू पूर्णवेळ.
म्हणजे जॉसने नळदुरुस्ती सोडायची
आणि मी त्याला दर अठ्ठावीस तारखेला
खरोखरचा पगार द्यायचा.
गेल्या दोन महिन्यांचा अजून दिलेला नाही.
ड्रेसिंगरूमचा बॉयलर त्यानेच दुरुस्त केला,
ते बिल जानेवारीच्या पानाला टाचलेलं आहे,
कोपऱ्यात त्याच्याच अक्षरात: घाई नाही.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही.
पलीकडच्या ऱ्हेगिलने आणून पाहिलं.
वर गेले, सिडनीहून एक हाफबॅक आणला,
टोंगाचे दोन धिप्पाड भाऊ आणले,
मैदान गहाण टाकलं.
वर्षभरात तीन सामने जिंकले
आणि खाली आले ते आमच्याही खाली,
मग त्याच्याही खाली, जिथे डिव्हिजनच नसते.
आता तिथे गालिच्यांचं गोदाम आहे.
मी तिथूनच पायपुसणं घेतलं.
स्वस्त होतं. अजून टिकलंय.

जॉसने बूट पोटरीला पुसला.
गर्दी इतकी गप्प झाली
की झेंड्याची दोरी खांबावर आपटताना ऐकू आली.
तेव्हा मी मनात जे मागितलं
ते कुणाला सांगितलेलं नाही.
विल्फलाही नाही, आणि विल्फ माझा नवरा,
चाळीस वर्षं या मैदानाच्या पांढऱ्या रेषा आखतो,
त्या क्षणी तो टोपी चावत होता.

चेंडू उडाला.
वाऱ्याने तो आधी बाहेर नेला
आणि मग, कोण जाणे कुणाच्या सांगण्यावरून,
आत वळवला.
दोन्ही झेंडे वर.

मी उभी होते.
कधी उभी राहिले त्याची नोंद नाही.
वही चिखलात उपडी पडलेली
आणि माझ्या घशातून जो आवाज येत होता
तो साठी उलटलेल्या बाईला शोभणारा नव्हता.
अनोळखी माणसाने मला मिठी मारली.
त्याच्या कोटाला चिप्सच्या व्हिनेगरचा वास होता.

रात्री क्लबच्या खोलीत
मी रेडिएटरवर एकेक पान वाळवत बसले.
बाहेर गाणी चाललेली.
जॉस दारात आला, गळ्यात पदक, हातात पाना.
"मिसेस हडार्ट, त्या बॉयलरचं..."
"माहीत आहे," मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात नक्की."
"तसं नाही. परत गळतोय."

तो जिन्याखाली गेला.
पाइपावर लोखंड वाजत राहिलं.
मी कोरडं पान शोधलं, रकाने आखले,
वर नव्या डिव्हिजनचं नाव लिहिलं,
खर्चाची बाजू भरत भरत तळाशी आली.
जमेच्या बाजूला काहीतरी हवं
म्हणून लिहिलं: दोन.

मग खोडलं.
पौंड नव्हते ते.