फार आवळू नये

मुहर्रकच्या सूकमागे, बंद पडलेल्या शिंप्याच्या गाळ्यात
शुक्रवारी माझा दवाखाना भरतो.
इतर सहा दिवस ड्राय डॉकमध्ये टँकरचे शाफ्ट घासतो मी,
इथे मात्र सगळं काम नखाएवढं.

उम्म जासिमनं पेटी पाठवली चादरीत बांधून,
निरोप असा: पूर्वी गायची, हल्ली नुसती कण्हते.

छाप खरवडलेली. नंबर नाही.
अशा वेळी प्रेतासारखी ओळख पटवावी लागते,
दात मोजून.
स्क्रूचा आटा ना धड इंचाचा ना धड मिलिमीटरचा,
म्हणजे यंत्र स्वित्झर्लंडचं
आणि खोका आपल्याकडच्या कुणा सुताराचा.
सागवान आहे. वास अजून येतो.

साउंडबॉक्समधलं रबर दगड झालंय.
अभ्रकाची चकती मी दिव्यासमोर धरतो:
मधून एक केस गेलाय.
बदलायची, मी म्हणतो. मोतालिब ड्रॉवर उघडतो.

गव्हर्नरला शिसाचे तीन गोळे.
दोन सख्खे.
तिसरा मासेमारीच्या जाळ्याचा,
कुणीतरी कानसून कानसून गोल केलेला,
गुंजभर हलका.
म्हणून कण्हते.

मग स्प्रिंगचा डबा. हा जपून,
सुटली तर बोटं घेऊन जाते.
डांबर झालेलं ग्रीस रॉकेलच्या बोळ्यानं पुसता पुसता
झाकणाच्या आत अक्षरं लागली,
खिळ्यानं कोरलेली:

फार आवळू नये.

सही नाही, सन नाही.
‘ळ’ची गाठ तेवढी
शाळेत गिरवून घेतात तशी, ठसठशीत.
मोतालिबला वाचून दाखवलं.
त्याला वाटलं, उधारीचा हिशेब.

ड्रॉवरमध्ये तीन अस्सल गोळे होते,
पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेले, एका मापाचे.
मी ते काढले, तळहातावर खेळवले,
परत ठेवले.
जाळ्याच्या शिसावर कथिलाचा थेंब सोडला.
तोललं. आणखी अर्धा थेंब.

संध्याकाळी तबकडी लावली.
मोती काढणाऱ्यांच्या गलबतावरचा घुमारा,
पार बेंबीच्या देठापासून येणारा,
आणि त्याच्या वर कुणीतरी एकटा, उंच.
कण्हणं नाही.
एसीचं पाणी बादलीत टपकत होतं, तेही तालात वाटलं क्षणभर,
मग नाही वाटलं.

चौदा फेरे बसतात या स्प्रिंगला.
न्यायला आलेल्या नातवाला मी सांगितलं, अकराच द्यायचे.
का, तो म्हणाला.
म्हटलं, आधीचा मिस्त्री सांगून गेलाय.
तो कुठे असतो?
मी चादरीची गाठ मारत होतो.
सैलच मारली.