चावीवाला

आबांची वही अजून फळीवर आहे.
पालिकेची नव्हे, स्वतःची,
निळ्या पुठ्ठ्याची, ओल लागून फुगलेली.
उभा मारुती : पहाटे चार, अडीच आटे.
संध्यामठ : सव्वापाच, चार आटे, हळू.
तालमीचा हौद : वस्तादांना विचारून.
आणि शेवटच्या पानावर, तारखेशिवाय,
साकोली कोपऱ्याचा जुना व्हॉल्व्ह. परत उघडायचा नाही.

केरबा साळोखे. एकतीस वर्षं खांद्यावर लोखंडी चावी,
उभी केली तर छातीला लागणारी.
झाकण काढायचं, चावी बसवायची,
मग दांड्याला कान लावून उभं राहायचं.
मला वाटायचं, आबा जमिनीशी बोलतायत.
‘बोलत न्हाई गं, ऐकालोय.
पाणी समद्यांस्नी एकच, बालिंग्याचं.
कुणाला कवा आन् किती, तेवढंच आपल्या हातात.’

मी राजारामपुरीत एका लॅबमध्ये असते.
मेणात बसवलेल्या मांसाचे काप काढते,
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ,
रंगवते, काच डॉक्टरांपुढं ठेवते.
काचेवर नाव नसतं, नंबर असतो.
चारशे सतरा. मोठं आतडं.
राखणदार प्रथिन असेल तिथं तपकिरी उमटतं.
कडेच्या पेशी उमटल्या, काकवीच्या रंगाच्या.
मधला सगळा पट्टा निळाच.
मी दुसरा काप रंगवला. निळाच.
मग रजिस्टर उघडलं.

डॉक्टर हुक्केरींनी स्वतःची खुर्ची दिली,
जी ते कुणाला देत नाहीत.
म्हणाले, पुढची तपासणी येऊ दे, पण बहुधा
जनुक तुटलेलं नाही. अक्षरन् अक्षर जागेवर असेल.
त्याच्या उंबऱ्यावर मिथिलच्या बारीक खुणा बसल्यात,
त्यामुळं ते वाचलंच जात नाही.
नकलेतल्या चुका दुरुस्त करणारं जनुक ते.
तेच गप्प, मग चुका साचतात,
आणि साचता साचता
गर्भात वाढीसाठी एकदा उघडलेलं,
नंतर डांबराखाली गाडलेलं काहीतरी
पुन्हा सुटतं.
पेशी दुभंगते तेव्हा ती खूणही
लेकीच्या पदरात टाकते, गप्प राहण्याची.
एवढं बोलून ते माझ्याकडं बघायचं टाळत राहिले.

आबांना मी सीपीआरच्या वॉर्डात सांगितलं.
डोळे मिटून ऐकलं त्यांनी, दांड्याला कान लावल्यासारखं.
‘म्हंजे पाईप फुटल्याली न्हाई?’
नाही.
‘झाकणावर डांबर वतलंय कुणीतरी.’
असंच काहीसं.
‘आन् भलत्याच गल्लीला रातंदिस सुटलंय.’
हो, आबा.
‘मग चावीवाला कुठं मेलाय?’

चावीवाला नसतो तिथं.
हजार चाव्या असतात, एकमेकींना फिरवणाऱ्या,
आणि वय असतं.
‘बिनमाणसाची पेठ,’ म्हणाले, आणि कुशीवर वळले.

बऱ्याच वेळानं, भिंतीकडं तोंड करून,
‘साकोली कोपऱ्याचा एकदा उघडला हुता म्या.
नवीन पोरगं हुतं बरोबर, त्येला दावाय म्हणून.
पाणी गेलं कुठं कळंना.
तिसऱ्या दिशी सुताराची भिंत बसली.
कुणाला बोललो न्हाई.’

ऑपरेशन बुधवारी होतं.
मंगळवारची रात्र मी स्टुलावर काढली.
चारच्या सुमाराला त्यांचा उजवा हात चादरीवर हलला,
मूठ आवळली, अडीच आटे फिरली, थांबली.
मी वाकून कॉटच्या लोखंडी दांडीला कान लावला.
लांब कुठंतरी ट्रॉलीची चाकं,
आणि कुणीतरी नीट बंद न केलेला
बेसिनचा नळ.