नियमित क्रियापद

रेडिंग, पेनसिल्व्हेनिया. मंगळवार, साडेसहा.
वाचनालयाच्या तळघरात हीटर खोकतो
आणि अल्ताग्रासियाबाई फळ्यावर लिहितात: आब्लार.
बोलणे.
लिहिताना आधी एक ह असतो, म्हणतात,
तो नुसता लिहायचा, उच्चारायचा नाही.
म्हणजे बोलण्याचं पहिलंच अक्षर
गप्प.

शेपटीचं आर तोडा.
बाई घेवड्याची शीर काढावी तसं ते पुसतात.
उरलेल्या आब्लला आता भूतकाळ लावा.
आब्ले: मी बोलले.
आब्लास्ते: तू बोललीस. (हा स मला घरचा वाटतो.)
आब्लो: तो बोलला, ती बोलली,
कुणीही बोललं तरी आब्लोच.
"कळलं, बिहाया?"
विजयाचं इथे बिहाया होतं. मी चालवून घेते.

"म्हणजे बाई बोलली की बुवा,
हे क्रियापद सांगतच नाही?"
शेजारचा वॉल्टर कून्स, निवृत्त पोस्टमन,
चष्म्यावरून बघतो: "तुमच्यात सांगतं?"
आमच्यात, मी म्हणते, चहा घेतला, कॉफी घेतली.
पिणारा राहतो बाजूला,
क्रियापद कपाकडे बघून बदलतं.

फ्लॅट घेतला. सही घेतली.
ही दोन मी मनात म्हणते.

गृहपाठ: पाच वाक्यं.
खरीच असायला हवीत असं नाही.

हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रात्री दोनला
रक्ताच्या नळ्यांवर लेबलं चिकटवून झाल्यावर
मी लिहिलं: आयेर आब्ले कोन मी एर्माना.
काल मी माझ्या बहिणीशी बोलले.
काल!
अकरा वर्षांत एक दिवाळीचं कार्ड,
तेही तिच्या सुनेच्या अक्षरात.
मराठीत हात अडला असता.
इथे पेन सुरळीत चाललं,
परक्या गावात आपली उधारी कोण विचारतंय.
मग धीर चेपला, दुसरंही लिहिलं:
मी एर्माना आब्लो.
माझी बहीण बोलली.
त्यांच्यात माझी म्हणजे मी.

पुढच्या मंगळवारी वही परत आली.
थापेला बरोबरची खूण.
दुसऱ्या वाक्यात शेवटच्या ओच्या डोक्यावर
एक तिरकी लाल रेघ, तांदळाएवढी.
"ही विसरलीस," बाई म्हणाल्या.
"जोर शेवटावर हवा, तर ती बोलली.
रेघ नसेल तर जोर मागे सरकतो,
मग बहीण नाही बोलली,
तू बोलतेस. आत्ता."
आणि पुढच्या वहीकडे वळल्या.

त्या दिवशी आब्लामोस झालं.
आम्ही बोललो. आम्ही बोलतो. दोन्हीला तेच,
ना रेघ, ना शेपूट वेगळी.
"मग ओळखायचं कसं?" वॉल्टर.
"पुढचंमागचं बघून."
मला विचारायचं होतं, आम्ही की आपण?
समोरच्याला धरून की वगळून?
पण हा प्रश्न स्पॅनिशला पडलेलाच नाही,
आणि आठ वाजले होते, बाई मफलर शोधत होत्या.

दारात त्या म्हणाल्या, "आब्लामोस, बिहाया,"
म्हणजे बोलू नंतर,
आणि गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडायला लागल्या.
वॉल्टरने वही उघडून तिथेच, उभ्या उभ्या,
तिसऱ्या अर्थाची नोंद केली.

स्टॉपवर मी एकटी.
मिरजेत बुधवार उजाडलाय, साडेसहा,
नळ आला असेल, कुंदा बादल्या मांडत असेल,
तिचा फोन नेहमी ओट्यावर, पिठाच्या हातांनी माखलेला.
नंबर तोंडपाठ आहे, पाठ केल्याचं आठवत नाही.
हातमोजा दातांनी काढते.
आम्ही बोललो नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले.
तिला सांगायचं तर आपण म्हणावं लागेल.
बस येते, दार उघडते. मी चालकाला
हातानेच सांगते, जा, पुढची घेते.