तीनशे चाळीस

माझ्या पिशवीत अंगठ्याचं यंत्र असतं,
एक्स्टेन्शन बोर्ड आणि ओला रुमाल.
अकरा महिन्यांचे करार करतो मी, घरी येऊन,
रात्री दहापर्यंत, रविवारीसुद्धा.

मेहेंदळे बाईंचा अंगठा लागत नाही.
तीनदा पुसतो, चौथ्यांदा फुंकर मारतो.
त्या म्हणतात, मीच मी आहे
हे तुझ्या डबीला पटत नाही होय रे?

पूर्वी भाड्याचा रकाना मी शेवटी भरायचो.
तो चहानंतर ठरायचा.
मुरकुटे ‘अठराच्या खाली नाही’ म्हणून बसायचे
आणि भाडेकरणीचं गाव औसा निघालं, सुनेचंही औसाच,
म्हणून साडेसोळावर उठायचे.
मांजर आहे कळल्यावर पुन्हा पाचशे चढवायचे.
भाव चुकायचा,
माणसाच्या हातून चुकतो तसा.

आता रकाना भरूनच येतो.
वाकडच्या तीन सोसायट्या, एकच आठवडा,
टू-बीएचके: सत्तावीस हजार तीनशे चाळीस.
चाळीस!
पुण्यात कुठल्या मालकाच्या तोंडून
कधी ‘वर चाळीस’ ऐकलंय?

बाईंना म्हटलं, पोरगी हजार कमी करा म्हणतेय, चांगली आहे.
त्यांनी मोबाइल पुढे केला.
‘थांबा. रिकामं ठेवा. शेजारीही थांबलेत.’
कोण शेजारी?
मला काय माहीत, म्हणाल्या, त्याला माहीत.
दोन महिने त्या फ्लॅटच्या बाल्कनीत
फक्त कबुतरं राहिली, फुकट.

मग ॲडव्होकेट उंडे माझी वही मागायला आल्या.
स्पर्धा आयोगाकडे तक्रार करायचीय.
हे मालक कधी एकत्र बसले होते?
नाही मॅडम. मुरकुटे तर बाईंना ओळखतही नाहीत.
फोन?
नाही.
चहासुद्धा झाला नाही कुणाचा कुणाकडे.
त्या लिहिता लिहिता म्हणाल्या, हेच हवं होतं.

वही दिली. मालकच माझं गिऱ्हाईक,
तेव्हा कुणाला सांगितलेलं नाही.
सात वर्षांत हजारो अंगठे घेतले,
एकाचा दुसऱ्याशी जुळला नाही.
आकडे मात्र न भेटता जुळले.

माझंही घर भाड्याचंच, धायरीत.
करार उद्या संपतोय, मालक संध्याकाळी येणार आहेत.
रकाना कोरा ठेवलाय.
बायकोला म्हटलंय, आलं जरा जास्त घाल.